लसणाची पात जोरात, पण गड्डा पोसत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

फेब्रुवारी लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "पात गुडघ्याला लागली गं, पण माती बाजूला करून बघितलं तर खाली काहीच नाही." मी कोथरूडला गच्चीवर गेली अकरा वर्षं लसूण लावते. त्यातली पहिली तीन वर्षं माझीही अशीच गेली. मग ओतूरच्या मावशीने माझ्या कुंड्या बघून एकेक चूक दाखवली, आणि तेव्हापासून इमारतीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्यांच्या कितीतरी कुंड्यांत मी हीच तक्रार सोडवत आले आहे. कारणं फार नाहीत. पण तपासायचा क्रम चुकला की माणूस आधी महागडं खत आणतो, आणि खरं कारण निघतं ऊन.

आधी लक्षणं नीट बघा

"गड्डा पोसत नाही" एवढ्या एका वाक्यात चार-पाच वेगळी दुखणी असतात. म्हणून पहिलं काम: कुंडीच्या कडेचं एक रोप निवडा. ओढू नका, पातच तुटून हातात येते. चमच्याने किंवा खुरप्याने बाजूची माती सैल करून मुळांसकट बाहेर काढा, धुवा, आणि बुडापासून बोटभर वर सुरीने आडवा काप घ्या. एक रोप गेलं तरी चालेल, पात भाजीत पडते.

कापात कांद्यासारखी एकात एक गोल कडी दिसली आणि मधे काहीच वेगळं नसलं, तर पाकळ्या पडायला सुरुवातच झालेली नाही. मधल्या दांड्याभोवती चंद्रकोरीसारखे बारीक फुगवटे दिसले, तर पाकळ्या पडताहेत, फक्त वेळ लागतोय. आणि मधे एकच घट्ट पांढरा गोळा असला, तर तुमचा लसूण एककांडी, म्हणजे एकाच पाकळीचा, होणार.

बाकीची लक्षणं बाहेरूनच कळतात. गड्डा आहे, पाकळ्याही आहेत, पण सगळं मिळून सुपारीएवढं. किंवा गड्डा चांगला भरला होता आणि आता पाकळ्यांमधूनच नवी पात फुटली, मान जाड झाली, गड्डा हाताला सैल लागतो. पाचवं लक्षण वेगळं आहे: पात खालून पिवळी पडत जाते, रोप हलक्या हाताने उचललं तरी सुटून येतं, बुडाला कुजका वास येतो. तसं असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

गड्डा होतो कसा, हे दोन मिनिटांत

लसणाला दोन इशारे लागतात. पहिला थंडीचा. लावलेल्या पाकळीला किंवा कोवळ्या रोपाला काही आठवडे गारवा मिळाला, की आतल्या पानांच्या बेचक्यात नवे डोळे धरतात. त्याच पुढच्या पाकळ्या. दुसरा इशारा वाढत्या दिवसाचा आणि वाढत्या उन्हाचा. पुण्यात २२ डिसेंबरच्या आसपास दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, मार्चच्या शेवटी १२ तासांच्या पुढे जातो. ह्या वाढत्या दिवसांत लसूण पात वाढवणं थांबवतो आणि सगळा जीव खाली ओततो.

म्हणजे दिवस मोठे व्हायच्या आत जेवढी पानं आली, तेवढीच त्याची शिदोरी. सात-आठ पानं असतील तर गड्डा भरदार. चार-पाच पानांवरच मार्च उजाडला तर गड्डा लहान, मग तुम्ही काहीही घाला. पुढचं सगळं ह्यावरूनच कळतं.

१. लावल्याची तारीख

पैसे शून्य, आणि निम्मे फोन इथेच संपतात. आपल्याकडच्या जाती साधारण १२० ते १४० दिवसांच्या आहेत. नवरात्रात लावलेला लसूण फेब्रुवारीच्या मध्यावर भरत आलेला असतो. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी लावला असेल, तर फेब्रुवारीत खाली काही नसणं हे दुखणं नाहीच. दिवस मोजा. शंभरच्या आत असाल तर माती परत सारखी करा आणि उकरणं बंद. दर आठवड्याला उकरून बघणाऱ्यांची मुळं तुटतात आणि त्या तुटलेल्या मुळांनीच गड्डा लहान राहतो.

लावायचा नेमका काळ म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. श्रावण-भाद्रपदात घाई करून लावला तर ओल्या उकाड्यात पाकळी कुजते. डिसेंबरात लावला तर गारवा मिळतो, पण पानं वाढायला दिवस उरत नाहीत. त्याचंच फळ म्हणजे सुपारीएवढा गड्डा किंवा एककांडी. उशीर झालाच असेल तर ह्या वर्षी पात खायची असं ठरवून टाका. लसणाच्या पातीची चटणी भाकरीबरोबर काही कमी नाही.

२. ऊन, तेही डिसेंबरचं

हे कारण मला स्वतःला सापडायला दोन हिवाळे लागले. ऑक्टोबरात कुंडी ठेवताना तिथे छान ऊन असतं, म्हणून आपण ती जागा पक्की करतो. पण सूर्य दक्षिणेकडे कलत जातो. माझ्या गच्चीचा दक्षिणेचा कठडा चार फुटी आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारी बाराला त्याची सावली दोन फूट पडते, आणि डिसेंबरच्या शेवटी साडेतीन फुटांच्या पुढे जाते. कठड्याला लागून ओळीने मांडलेल्या माझ्या सगळ्या कुंड्या ऐन वाढीच्या दोन महिन्यांत सावलीत बसायच्या. पात मात्र उंच, लवचिक आणि दिसायला सुंदर. ऊन शोधत वाढलेली पात अशीच दिसते, म्हणून फसायला होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला कुंडीचा फोटो काढा. सहा तास थेट ऊन मोजून भरलं पाहिजे. भरत नसेल तर कुंडी मधे ओढा किंवा विटांवर उंच ठेवा. जानेवारीपर्यंत हे केलं तर त्याच वर्षी फरक दिसतो. बाल्कनी उत्तरेची असेल तर गड्ड्याचा नाद सोडा, हे मी स्पष्ट सांगते. तिथे पातीसाठी लावा.

३. पाणी

बोट दोन पेरं मातीत घाला. चिखल लागतो का? वरची माती कोरडी आणि आत हाताला ओल लागते पण माती बोटाला चिकटत नाही, म्हणजे वाफसा आहे. लसणाला तोच हवा. त्याची मुळं उथळ असतात, त्यामुळे खूप कोरडं पडलेलंही चालत नाही. थंडीत कुंडीला दोन-तीन दिवसांनी, फेब्रुवारीचं ऊन तापलं की एक दिवसाआड, एवढं बहुतेक गच्च्यांवर पुरतं. पण घड्याळ न बघता बोटाने ठरवा.

इथेच कुंडीचा काठ बघा. बोअरच्या पाण्यावर असाल तर काठावर आणि मातीच्या तोंडावर पांढरी खर साचलेली दिसेल. हे क्षार आहेत, आणि लसूण क्षाराला नाजूक. पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी होतात, वाढ खुंटते. पिण्याच्या गोड्या पाण्याने कुंडी दोनदा तुडुंब भरून खालच्या भोकांतून वाहू द्या, क्षार धुऊन जातात. मग दोन-तीन दिवस पाणी देऊ नका.

४. काय खायला घातलं ते आठवा

शहरातल्या कुंड्यांत लसूण उपाशी क्वचितच असतो, उलट त्याचं जेवण जास्त होतं. ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, दर आठवड्याला शेण-गोमूत्राचं जीवामृत, वरून कुणी सांगितलं म्हणून चमचाभर युरिया. हे सगळं नत्र (नायट्रोजन), आणि नत्र म्हणजे पात. लावल्यापासून ६० दिवस झाले की नत्र देणारं काहीही बंद करा. त्यानंतर दिलेलं नत्र रोपाला पुन्हा पात वाढवायला लावतं. तयार पाकळ्यांना कोंब फुटून गड्डा सैल होतो ते दुखणं बहुतेक वेळा ह्यातूनच येतं, आणि सोबत भरपूर पाणी असेल तर हमखास.

घालायचंच असेल तर लावताना, मातीत मिसळून: चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीच्या चौथ्या हिश्शाएवढं, मूठभर निंबोळी पेंड, आणि दोन चमचे सिंगल सुपर फॉस्फेट. त्यात स्फुरदाबरोबर (फॉस्फरस) गंधकही असतं, आणि लसणाचा वास आणि तिखटपणा गंधकावर उभा आहे. ताजं शेण मात्र कधीही नाही.

एकदा जास्त नत्र झालं की काढून घेता येत नाही. पाणी थोडं ओढून धरा, खत थांबवा, वाट बघा. एवढंच हातात आहे.

५. अंतर आणि खोली

दोन रोपांत १० सेंटिमीटर, पाकळीच्या टोकावर दोन-तीन सेंटिमीटर माती, टोक वर. बारा इंची कुंडीत सात पाकळ्या, आठवी नको. दाट लावलेला लसूण एकमेकांचं खाऊन सगळेच बारीक राहतात. एका वर्षी शेजारच्या काकूंनी एका कुंडीत बावीस लावले होते. जानेवारीत आम्ही मधले पंधरा पातीसाठी उपटून घेतले आणि उरलेले सात बऱ्यापैकी भरले. जानेवारी संपायच्या आत असेल तर तुम्हीही हे करा.

६. पानांच्या बेचक्यात फुलकिडे

पातीवर चंदेरी पांढुरके ओरखडे दिसतात का? रोपाच्या मधल्या, नव्या पानांखाली पांढरा कागद धरा आणि पात दोन टिचक्या मारून झटका. कागदावर भाताच्या तुसापेक्षाही बारीक, पिवळसर, पळणारे जीव दिसले तर ते फुलकिडे. ते पानांचा रस ओढतात. पान आटलं की गड्ड्याला पाठवायला त्याच्याकडे काही उरत नाही, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. ढगाळ, कोरड्या दिवसांत आणि फेब्रुवारीच्या उबेत ते झपाट्याने वाढतात.

सकाळी पाण्याचा जोरदार फवारा थेट बेचक्यात मारा, तीन दिवस लागोपाठ. थोडेच असतील तर एवढ्याने आटोक्यात येतात. नाहीतर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, आठवड्याने परत. लसणाचं पान मेणचट असतं, थेंब ओघळून जातो, म्हणून फवाऱ्यात थोडं साबणाचं पाणी टाकायचं. निळे चिकट सापळेही स्वस्त मिळतात. पानांवर जांभळट मधोमध असलेले लांबट डाग दिसत असतील तर तो करपा, बुरशीचा रोग. ती पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाणी पातीवरून देणं थांबवा.

७. बियाणं: खरं उत्तर बहुतेक इथेच असतं

वरचं सगळं नीट असूनही कापात फक्त कडी दिसत असतील, तर पाकळी कुठून आणली ते विचारा स्वतःला. मंडईतला टपोरा, पांढराशुभ्र, मोठ्या पाकळ्यांचा लसूण बघून मोह होतो. पण तो हिमाचलसारख्या पहाडी भागातला असेल तर त्याला आपल्याकडचा दिवस पुरत नाही. शिमल्यात जूनमध्ये दिवस १४ तासांच्या वर जातो, पुण्यात सव्वातेराच्या आसपास थांबतो, आणि तोवर इथे लसूण उन्हाने वाळलेला असतो. असा लसूण नुसती पात देतो. चिनी लसणाचीही तीच गत, आणि त्याच्या आयातीवर तर २०१४ पासून बंदी आहे.

आपल्या हवेसाठीच्या जाती मागून घ्या. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, राहुरी कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, फुले नीलिमा. हे मिळालं नाही तर जुन्नर, खेडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडचा गावठी लसूण आणा. दिसायला लहान, वास मात्र खोलीभर. माझं बियाणं मूळचं मावशीचं आहे, आणि मी दर वर्षी सगळ्यात चांगले सहा गड्डे जेवणात न घालता बाजूला ठेवते.

गड्डा लावायच्या दिवशीच फोडा आणि बाहेरच्या मोठ्या पाकळ्या तेवढ्या घ्या. आतल्या चिमट्या पाकळ्या स्वयंपाकाला. साल काढू नका. एक पाकळी उभी चिरून बघा: आतला कोंब पाकळीच्या निम्म्यापर्यंत चढला असेल तर तिची झोप संपली, लावा. कोंब बुडाशीच टिकलीएवढा असेल तर ती मातीत महिनाभर नुसती पडून राहील.

८. गारवा कमी पडला असेल तर

गेल्या काही वर्षांत पुण्यात नोव्हेंबर थंड होतोच असं नाही, मुंबई-ठाण्यात आणि कोकणपट्टीत तर थंडी जेमतेम. तिथे एककांडीचं प्रमाण जास्त दिसतं. उपाय पुढच्या हंगामासाठी आहे: लावण्याआधी तीन आठवडे अख्खे गड्डे कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. बाहेर काढले की त्याच दिवशी लावायचे, कारण परत उबेत पडून राहिले की मिळालेला गारवा वाया जातो. तीनाचे आठ आठवडे करू नका, जास्त गारवा खाल्लेला लसूण घाईने लहानच गड्डा धरतो.

आणि एककांडी निघाला म्हणून हिरमुसू नका. लोक तो औषधी म्हणून चढ्या भावाने विकत घेतात. शिवाय तोच गोळा पुढच्या ऑक्टोबरात लावला तर पाकळ्यांचा भरलेला गड्डा देतो. त्यात साठा जास्त असतो ना. मी दोन वर्षं हे करून बघितलं आहे.

९. माती बदलणं

हे शेवटी, कारण खर्च आणि मेहनत दोन्ही. काप घेतलेल्या रोपाचा गड्डा एका बाजूने चपटा, वेडावाकडा असेल, धुताना माती गोळ्यांनी चिकटून बसत असेल, तर माती जड आहे. काळी माती वाळली की गड्ड्याला आवळते. लसूण उभ्या पिकात दुसऱ्या कुंडीत हलवायचा नाही, मुळं ते सहन करत नाहीत. हंगाम संपल्यावर माती उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, एक भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग खत, थोडी जाड वाळू मिसळा. कुंडी निदान ८ इंच खोल आणि खाली भोकं मोकळी. ज्या मातीत गेल्या वर्षी कांदा किंवा लसूण होता तिथे ह्या वर्षी मेथी किंवा वाटाणा लावा.

गड्डा भरला, पण काढणीत बिघडला

ही तक्रार एप्रिलमध्ये येते. खालची निम्मी पानं वाळली, वरची चार-पाच अजून हिरवट आहेत, माना कलायला लागल्या, की काढायची वेळ झाली. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडा. प्रत्येक पान म्हणजे गड्ड्यावरचं एक आवरण. सगळी पात वाळेपर्यंत थांबलात तर आवरणं मातीतच कुजतात आणि पाकळ्या सुट्या होतात. काढल्यावर धुवायचा नाही, पात कापायची नाही, उन्हात टाकायचा नाही. दहा-बारा रोपांची जुडी बांधून सावलीत, वारं खेळेल अशा ठिकाणी दहा-पंधरा दिवस टांगा. मान पिळली तर कोरडी कुरकुरली पाहिजे. ठेवायचा तोही टांगूनच. फ्रिजमध्ये ठेवलात तर त्याला पुन्हा थंडीचा इशारा मिळतो आणि महिन्यात कोंब येतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद.

बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे तपकिरी किंवा काळे दाणे. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि त्याच खुरप्याने दुसरी कुंडी खणलीत तर तिथेही पोचतात. मुळांची चकतीच कुजून गुलाबी-तपकिरी झालेली. पात पिळवटलेली, बूड सुजून भुसभुशीत झालेलं, मुळांवर गाठी: हे सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या अगदी बारीक कृमींचं, काम असू शकतं, नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. किंवा ओळीने सगळ्या कुंड्या दहा दिवसांत पिवळ्या पडल्या. आणि तीन वर्षं वरचं सगळं करूनही तोच प्रकार असेल तरीही. पानांवर पिवळे पट्टे असतील तर विषाणू बियाण्यातूनच आलेला असू शकतो, त्याला फवारा नाही, बियाणंच बदलावं लागतं.

अशा वेळी दुकानातून अंदाजाने बुरशीनाशक आणू नका. ते आपण खाणार आहोत. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा. जाताना एक आजारी आणि एक निरोगी रोप मुळांसकट, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून दोन तासांत नसलेलं दुखणंही दिसायला लागतं. अर्धा किलो माती वेगळ्या पिशवीत, तिच्यावरून माती परीक्षण करून सामू (pH, म्हणजे माती आंबट की खारी) आणि क्षार कळतात. एका कागदावर लावल्याची तारीख, बियाणं कुठलं, पाणी नळाचं की बोअरचं, काय काय घातलं ते लिहून न्या. हा कागद नसेल तर तिथला माणूस तेच प्रश्न विचारतो आणि आपल्याला आठवत नाही.

आजारी कुंडी तोवर बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि तिचं वाहून जाणारं पाणी दुसऱ्या कुंड्यांखाली येणार नाही एवढं बघा.